गुडघाभर समुद्र

समुद्र मला गुडघ्यापर्यंतच ठाऊक आहे.
मी वाळपयची, पोहायला शिकले नाही.
सलवार दुमडायची, पाठ किनाऱ्याकडे,
बाटलीचं तोंड येणाऱ्या लाटेकडे,
वीतभर खाली धरायची
आणि समुद्राला पाठ न दाखवता मागे यायचं.
खात्याने दिलेली बर्फाची पेटी
आधी कुणाच्या तरी इसवणांची असावी;
चार वर्षं धुते आहे.

काणकोणातला हा किनारा, ऑगस्टचा मंगळवार.
रात्रभर कोसळून आता नुसता भुरभुरतोय.
शॅक उतरवलेत, बांबू माडांखाली बांधून ठेवलेत,
पण शॅकमागचे खड्डे कोण उतरवणार?
ते भरले, ओहोळाला मिळाले,
ओहोळाने पहाटे वाळूचा बांध फोडला
आणि गाव समुद्रात आलं:
सुंभाचा गुंता, खेळण्यातला ट्रक,
बाळाचं डायपर, फुगून उशीएवढं,
गोठ्याचं, मोरीचं, आपलं सगळ्यांचं पाणी.
दूध जास्त झालेल्या चहाचा रंग.

लाल बावट्याखाली दयेश पागी डोकी मोजतोय.
तेरा. पुन्हा तेरा.
हुबळीची मिनीबस आहे.
एवढ्या लांब आलो तर पाय तरी भिजवू, म्हणाले,
आणि पाय भिजवायला कमरेपर्यंत गेले.

दयेशने एकदा मला दाखवलं होतं:
फुटणाऱ्या दोन लाटांच्या मध्ये एक गप्प पट्टा.
फेस नाही, खळखळ नाही.
नेमका तोच आवडतो लोकांना.
"थंय वचूं नाका!" तो शिट्टी काढून ओरडतो,
अर्धं वारा खातो.
त्या पट्ट्याला ओढ म्हणतात.
चांगला शब्द होता,
आईच्या पत्रांत असायचा.
इथे ती माणसाला शंभर पावलं आत नेते,
तो किनाऱ्याकडे झगडत राहतो
आणि झगडण्यानेच संपतो.
भांडायचं नाही, दयेश म्हणतो, आडवं पोहायचं,
बाजूबाजूने सुटायचं,
साहेबांशी वागतो आपण, तसं.

पिवळ्या टी-शर्टातल्या एकाने मला विचारलं,
मॅडम, पाणी चांगलं आहे ना?
उद्या संध्याकाळी सांगते, म्हटलं.
तो हसला. त्याला विनोद वाटला.

बारा.
दयेश बोर्ड घेऊन पळाला
तेव्हा मी झाकण लावत होते, घट्ट,
दोनदा तपासून, कारण दुसरं काय करणार होते.

वाळूवर तो ओकला. चहाचाच रंग.
रडला, मग एकदम चप्पल शोधायला लागला.
त्याच्या मामाने दयेशला दोनशे रुपये देऊ केले.
दयेश एका पायावर उड्या मारत
कानातलं पाणी काढत होता,
त्याने हातानेच नको म्हटलं.
बाटली पेटीत, पेटी जीपमध्ये,
मडगावला वाहतूक अडलेली, पणजीला दिवेलागण.

बुधवारी संध्याकाळी उबवणीचं कपाट उघडलं.
निळे ठिपके.
मंगळवारभर समुद्र कुठेच निळा नव्हता,
इथे होता, काचेच्या ताटलीत,
एकमेकांत मिसळलेला, मोजता न येणारा.
अशा वेळी "मोजणीपलीकडे" लिहायचं असतं. लिहिलं.
मी शंभर मिलिलिटर घेतले होते.
त्याने किती घेतले कोण जाणे.
ते पाणी एव्हाना कारवारकडे गेलेलं,
बस घाट चढून गेलेली,
आणि मी नावसुद्धा विचारलं नव्हतं.
फोन उचलला. ठेवला.
जिवंत आहे, हे दयेशचं काम झालं.
पोटात काय गेलं, ते माझ्याकडे आहे,
आणि मी पणजीत.

नोंदवहीत शेऱ्याला बोटभर जागा असते.
पाऊस. ओहोटी. ओहोळ फुटलेला. लाल बावटा.
उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं: तेरा.
साहेब विचारतील, हे काय?
विचारू देत.